टाइलच्या मागे काय आहे?

आपल्या घरांत भिंतीला भोक पाडायची कारणं ठरलेली असतात. काबा शरीफची तसबीर, आयतुल कुर्सीची फ्रेम, पडद्याचा रॉड, गीझर, टीव्ही. नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ड्रिलवाल्याला बोलावून ही सगळी कामं एकदम उरकली जातात. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धरायला दांडा हवा म्हणून पाडलेलं भोक मी फार कमी घरांत पाहिलं आहे. जिथे पाहिलं, तिथेही बहुतेक वेळा ते कुणीतरी पडल्यानंतर पाडलेलं होतं.

वजूमध्ये पाय शेवटी धुतात. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह, हे सगळं होईपर्यंत खालची फरशी ओली झालेली असते आणि नेमकं तेव्हाच एका पायावर उभं राहून दुसरा उचलायचा असतो. आधी उजवा, मग डावा. जुन्या घरांत अंगणात किंवा मोरीत एखादा पाट नाहीतर दगड असायचा. माणूस त्यावर बसून बधन्यानं वजू करायचा. फ्लॅटमध्ये वॉशबेसिन आलं आणि त्यात पाय उचलून ठेवायची कसरत आली. पस्तिशीत ती जमते. माझ्या अम्मीचं वय आता त्र्याहत्तर आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. फजरला ती उठते तेव्हा घरात बाकी सगळे झोपलेले असतात.

बाथरूमच्या खालच्या नळासमोर आम्ही तिच्यासाठी स्टूल ठेवलं. बसायचा प्रश्न सुटला, उठायचा राहिला. उठताना ती टॉवेलच्या रॉडला धरायची. तो रॉड कशावर उभा आहे, हे बघायला मी एकदा त्याचे स्क्रू काढले. चार छोटे स्क्रू आणि चार छोट्या प्लास्टिकच्या गिट्ट्या. एक गिट्टी तर बोटानंच बाहेर आली. ओल्या टॉवेलचं वजन किलो-दीड किलो. त्या रॉडचं काम तेवढंच होतं आणि ते तो नीट करत होता. घसरणाऱ्या माणसाचं वजन पेलायला त्याला कुणी लावलंच नव्हतं.

बाथरूमच्या भिंतीत काय काय असतं ते एकदा मोजून बघा. टाइल साधारण 8 मिलिमीटरची. तिच्या मागे सिमेंटचा माल, 12 ते 15 मिलिमीटर. त्यामागे गिलावा, तोही जवळजवळ तेवढाच. म्हणजे खरी वीट सुरू व्हायच्या आधीच 35 मिलिमीटर संपतात. आणि दुकानात सर्रास मिळणारी गिट्टी किती लांब? 35 मिलिमीटर. ती विटेपर्यंत पोचतच नाही. टाइल आणि गिलाव्याच्या मध्ये कुठेतरी अडकून बसते. त्यात टाइल लावताना मागे पूर्ण माल न भरता मध्ये आणि चार कोपऱ्यांत गोळे थापलेले असतील, तर गिट्टीच्या भोवती निव्वळ हवा असते.

गिट्टी कशी पकडते हे समजलं की बाकीचं सोपं होतं. स्क्रू आत शिरतो तशी ती फुगते आणि भोकाच्या भिंतींवर दाब देते. त्या दाबातून होणारं घर्षण स्क्रूला बाहेर येऊ देत नाही. म्हणून फुगणारा भाग पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्येच असला पाहिजे. तो टाइलमध्ये फुगला तर टाइल तडकते. पूर्वी सुतार भिंत खोदून लाकडाची गुट्टी बसवत आणि तिच्यात खिळा मारत. इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी 1910 च्या सुमारास तागाच्या धाग्यांची छोटी गिट्टी काढली. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेचं सामान बसवायचं, हे त्यांच्यापुढचं काम होतं. 1958 मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनची फुगणारी गिट्टी केली. आपल्याकडच्या काही दुकानांत आजही कुठल्याही कंपनीच्या गिट्टीला ‘फिशर’च म्हणतात.

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं 35 मिलिमीटरचंच पाकीट पुढे केलं. सगळे हेच नेतात, म्हणाला. दांडा माणसाला धरायला आहे म्हटल्यावर म्हणाला, मग तुमच्या मिस्त्रीला पाठवा. त्यावर रागवण्यात अर्थ नव्हता, कारण भिंत कसली आहे हे मलाही सांगता आलं नसतं, आणि सगळं अडतं ते तिथेच.

आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री चाचा आले तेही रिकाम्या हाती आले. त्यांनी आधी बोटाच्या पेरानं टाइल ठोकून बघितल्या. भरीव टाइलचा आवाज टणक येतो, पोकळ टाइलचा बद्द. पोकळ टाइलवर दांडा लावायचाच नाही, जागा बदलायची. नंतर, दांड्याच्या पट्टीखाली झाकलं जाईल अशा जागी, त्यांनी बारीक बिटनं एक भोक पाडून बघितलं. म्हणाले, “बेटी, आधी भुकटी बघू, मग गिट्टीचं बोलू.”

भुकटी भिंतीचं नाव सांगते. टाइल आणि गिलाव्याची भुकटी संपल्यावर लाल पूड आली तर मातीची वीट. करडी पूड आली आणि ड्रिल मोठ्या कष्टानं पुढे जात असेल तर काँक्रीट, म्हणजे कॉलम किंवा बीम. पांढुरकी, मऊ पूड येऊन बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर सिपोरेक्सचा हलका ब्लॉक. आणि मध्येच बिट एकदम पुढे सुटलं, तर आतून पोकळ ब्लॉक.

काँक्रीट असेल तर लोखंडी अँकर फास्टनर चालतो. 8 मिलिमीटरच्या बोल्टवर नळी असलेला फास्टनर 10 मिलिमीटरच्या भोकात बसतो. पण कडेपासून लांब ठेवायचा. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. कडेजवळ फास्टनर आवळला तर शंकूसारखा तुकडाच उडून येतो. भोक पाडताना बिट थांबून किंचाळायला लागलं तर ती सळई आहे. ती कापायची नाही, भोक सरकवायचं. सिपोरेक्समध्ये हा फास्टनर बिलकूल लावू नये, आवळताना तो ब्लॉकचाच चुरा करतो. तिथे सिपोरेक्ससाठी मिळणारी खास गिट्टी किंवा केमिकल अँकर लागतो. केमिकल म्हणजे भोकात भरायचा राळेसारखा लगदा. त्यात आट्याची सळी बसवून तो घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. पोकळ ब्लॉकमध्ये आधी जाळीची नळी घालतात, म्हणजे लगदा पोकळीत वाहून जात नाही.

आमच्या भिंतीतून लाल पूड आली. विटेची चार इंची भिंत. चाचांनी 10 मिलिमीटर जाड आणि 100 मिलिमीटर लांब नायलॉनच्या गिट्ट्या सांगितल्या, फुगणारा भाग शेवटच्या टोकाला असलेल्या. म्हणजे सुरुवातीचे 35-40 मिलिमीटर नुसता प्रवास आणि पकड पुढे विटेत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण साधा स्क्रू बाथरूममध्ये आतून गंजत जातो आणि बाहेरून काही कळत नाही.

मात्र आधी घरमालकांना विचारावं लागलं. आम्ही भाड्यानं राहतो. करारात लिहिलेलं आहे, भिंतीला भोक पाडायचं नाही. ज्यांना नावामुळे घर मिळायलाच महिने लागतात, ते मिळालेल्या घरात सहा भोकांची परवानगी मागताना दहा वेळा विचार करतात. कितीतरी घरांत दांडा लागत नाही तो याच भीतीनं. मालकाला नाराज कशाला करायचं, पुन्हा घर शोधायची वेळ नको. आमचे मालक म्हणाले, भोक नको, रबरी चकतीनं चिकटणारा हँडल लावा. तो मी दुकानात बघितला होता. गुळगुळीत टाइलवर तो हवेच्या दाबानं चिकटतो, पण चकती दोन टाइलांच्या सांध्यावर आली की हवा शिरते आणि तो सुटतो. तोल सावरायला थोडी मदत होईल, वजन टाकायला नाही. मी मालकांना हे समजावलं आणि लिहून दिलं की टाइल फुटली तर अनामत रकमेतून कापा, आणि घर सोडताना दांडा तुमचाच. ते तयार झाले.

काम दीड तासाचं होतं. दांड्याची उंची अमेरिकेच्या एडीए मानकांत 33 ते 36 इंच दिली आहे, पण अम्मी पाच फुटांच्या आतली. तिला स्टुलावर बसवून, उठवून, हात नैसर्गिकपणे जिथे गेला तिथे खूण केली. टाइलवर चिकटपट्टी लावली आणि खुणा तिच्यावर केल्या, म्हणजे बिट घसरत नाही. नळाच्या सरळ वर आणि खाली भिंतीत पाइप असतो, ती रेघ सोडली. सांध्यातही भोक पाडलं नाही. टाइल वाचेल असं वाटतं, पण गिट्टी फुगली की दोन्ही टाइलांच्या कडा उडतात.

चाचांनी ड्रिलचा हॅमर बंद ठेवला. टाइल पार होईपर्यंत नुसतं हळू फिरवलं, जोर लावला नाही. आमची टाइल सिरॅमिकची होती, भाल्याच्या टोकासारख्या बिटनं भागलं. व्हिट्रिफाइड असती तर हिऱ्याच्या कणांचं पोकळ बिट पाणी टाकत चालवावं लागलं असतं. विटेतही त्यांनी हॅमर जवळजवळ वापरला नाही, चार इंची भिंतीत पलीकडचा गिलावा सुटतो म्हणाले. मग प्रत्येक भोक हातपंपानं फुंकून साफ केलं. भुकटी आत राहिली तर गिट्टी विटेला न धरता भुकटीला धरते. गिट्टीच्या तोंडाशी सिलिकॉन भरलं, म्हणजे टाइलच्या मागे पाणी जाणार नाही.

हे सगळं चालू असताना अम्मी म्हणाली, एवढा खर्च कशाला, अल्लाह आहे ना सांभाळायला. मी म्हटलं, अम्मी, उंटाची हदीस तूच आम्हाला सांगायचीस, आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा. ती हसली, पण तिला मनापासून पटलं नव्हतं. आपल्यासाठी घरात तोडफोड व्हावी, याचीच तिला लाज वाटत होती. आपल्या बऱ्याच आयांना वाटते.

एडीएच्या मानकांत असा दांडा 250 पौंडांचा, म्हणजे साधारण 113 किलोंचा जोर सहन करणारा असावा असं म्हटलं आहे. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. चाचांनी दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकला, झटके दिले. मग मी लटकले. पट्टी आणि टाइल यांच्यामध्ये केसभरही फट पडली नाही. त्यानंतरच अम्मीला हात लावू दिला.

मला आता मशिदींच्या वजूखान्यांबद्दल बोलायचं आहे. गेल्या काही वर्षांत कितीतरी मशिदींत संगमरवर लागला, गरम पाण्याची सोय झाली. ज्यांना सजदा जमत नाही त्यांच्यासाठी खुर्च्यांची रांग आली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण खुर्चीपर्यंत पोचण्याआधी त्याच बुजुर्गांना गुळगुळीत ओल्या लादीवर बसून वजू करून उठायचं असतं, आणि उठताना हाताला येतो तो नळ. नळ पाइपाच्या आट्यांवर उभा असतो. टॉवेलच्या रॉडसारखंच त्यालाही या कामासाठी कुणी लावलेलं नसतं. जिथे स्त्रियांसाठी वेगळी जागा आहे, तिथेही हेच.

दीनमध्ये सवलती आहेत. बसून नमाज आहे, पाणी झेपत नसेल तर तयम्मुम आहे. दांडा मात्र आपल्यालाच लावावा लागतो. त्यासाठी मोठा चंदा लागत नाही. प्रत्येक दोन बैठकांमध्ये एक स्टीलचा दांडा, योग्य लांबीचे स्क्रू, आणि आधी भुकटी बघणारा मिस्त्री. पुढच्या जुम्म्याला थोडं लवकर जा आणि वजूखान्यात उठणाऱ्या बुजुर्गांचा हात कुठे जातो ते बघा. कमिटीला सांगायला तेवढं पुरेल.