नेत्याची हजेरी ओढ्याच्या काठावर घ्या

"पर्यावरण हा आपला विषय नाही. आधी शिष्यवृत्त्या, आधी अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस, आधी रोजगार. झाडं आणि नद्या कोथरूडवाल्यांना सांभाळू दे." चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला हे ऐकवलं होतं. मी वाद घातला नाही, कारण तेव्हा माझंही मत फार वेगळं नव्हतं. हवामान बदल म्हणजे हिमनग, पांढरी अस्वलं आणि परदेशातल्या परिषदा, एवढीच माझी समज होती.

ती समज २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाण्यात गेली. आदल्या दिवशी, २४ सप्टेंबरला, आम्ही वस्तीत पुणे करारावर बोलायला जमलो होतो. दुसऱ्या रात्री कात्रजकडून आंबील ओढा असा आला की दांडेकर पुलाजवळच्या आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी चढलं. आईला मी खांद्यावर घेऊन शेजारच्या पक्क्या घराच्या जिन्यावर बसवलं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बहिणीची दहावीची गुणपत्रिका, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं आणि ती पेटी वाहून गेली. आमची माणसं वाचली. सगळ्यांची वाचली नाहीत. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या पावसाने पुणे शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडून पंधरा जण मेले होते. मेलेले कोण होते, त्यांची घरं कुठे होती, आणि ती तिथेच का होती, हे विचारलं की पावसाचा प्रश्न लगेच जातीचा आणि वर्गाचा होतो. गावाबाहेर, खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेवर कोणाला बसवलं जातं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

जातीचा दाखला पुन्हा काढण्यासाठी हेलपाटे मारताना मी दोनशे पानांची एक वही विकत घेतली. डाव्या पानावर नेता काय म्हणाला, उजव्या पानावर काय झालं. तारखेसह. हा लेख त्या वहीबद्दल आहे.

सुरुवातीला वाटलं काम सोपं आहे. अमेरिकेत पर्यावरणवादी संघटना प्रत्येक खासदाराला त्याच्या मतदानावरून दरवर्षी गुण देतात. कोणत्या विधेयकावर कोणी हो म्हटलं, कोणी नाही, याची नावानिशी नोंद तिथे असते. म्हटलं, आपणही तसंच करू. पण आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. "हो" म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, विधेयक मंजूर. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद नाही. त्यात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा. पक्षाने व्हिप काढला की खासदाराचं स्वतःचं मत उरत नाही.

वन संवर्धन कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती घ्या. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या सामरिक प्रकल्पांना वनपरवानगीतून सूट देणारी ही दुरुस्ती आदिवासींच्या जगण्याशी थेट जोडलेली. २६ जुलै २०२३ रोजी मणिपूरवरून गदारोळ चालू असताना लोकसभेने ती आवाजी मतदानाने मंजूर केली. पुण्याच्या खासदाराने काय केलं? मी उजव्या पानावर लिहिलं: "पुण्याला खासदारच नाही." गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती घ्यायला सांगितलं, पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली. ४ जून २०२४ च्या निकालापर्यंत, चौदा महिन्यांहून अधिक काळ, पुणे लोकसभा मतदारसंघाची जागा रिकामी होती.

मग महापालिकेकडे वळलो. पावसाळी गटारं, ओढे, वस्त्या, कचरा, झाडं हे विषय तिथलेच. ७४ व्या घटनादुरुस्तीने ते तिथे दिले आहेत आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असंही घटनेतच लिहिलं आहे. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. तीन वर्षं उलटून गेली तरी, २०२५ मध्येही, निवडणूक झाली नव्हती. म्हणजे २०२३ च्या त्या दिवशी माझ्या शहराला खासदार नव्हता आणि माझ्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. वही कोरी.

२०२४ ला मुरलीधर मोहोळ निवडून आले. वाटलं, आता प्रश्नांचा रकाना भरेल. खासदाराने सभागृहात किती प्रश्न विचारले याची मोजदाद करणाऱ्या संस्था आहेत, माहिती सहज मिळते. पण मोहोळ लगेच सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. यात त्यांची चूक काही नाही, नियमच तसा आहे. पण रकाना पुन्हा रिकामा राहिला. विरोधकाला मोजायची घाई झालेल्या माझ्यासारख्याने हे आधी समजून घ्यायला हवं होतं.

म्हणजे नेत्याचं मोजमाप मतदानावरून होत नाही, प्रश्नांवरून होत नाही. मग कामावरून करू. आदित्य ठाकरे २०१९ च्या अखेरीस पर्यावरणमंत्री झाले. डावं पान भराभर भरलं. खात्याच्या नावात "वातावरणीय बदल" आलं. २ ऑक्टोबर २०२० ला माझी वसुंधरा अभियान. आरेतली मेट्रो कारशेड हलवायचा निर्णय आणि आठशे एकरांना जंगलाचा दर्जा. २०२१ ला विद्युत वाहन धोरण. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा. प्रामाणिकपणे सांगायचं तर महाराष्ट्रात एवढं डावं पान दुसऱ्या कोणत्याही नेत्याचं माझ्या वहीत नाही. त्यांचं सरकार गेल्यावर आरेचा निर्णय फिरवला गेला, हेही लिहिलेलं आहे.

पण उजवं पान? त्याच काळात मुंबईत सागरी किनारा मार्ग पुढे रेटला गेला आणि वरळीचे कोळी आपल्या बोटींना जायला दोन खांबांमध्ये पुरेसं अंतर ठेवा म्हणून भांडत राहिले. आणि पुण्यात २४ जून २०२१. भर पावसाळ्यात, कोरोना संपलेला नसताना, आंबील ओढ्याच्या काठची घरं पाडायला पोलीस बंदोबस्तात जेसीबी आले. माणसं आडवी झाली. त्याच दिवशी न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोवर कित्येक संसार रस्त्यावर आले होते. कारण काय सांगितलं? ओढ्याचा प्रवाह सरळ करायचा, पूर टाळायचा. म्हणजे हवामानाचंच कारण! महापालिकेत तेव्हा भाजपची सत्ता होती, महापौर मोहोळ होते. राज्यात महाविकास आघाडी होती. त्या दिवशीचं उजवं पान सगळ्यांच्या नावावर आहे.

गंमत बघा. या ओढ्याचा प्रवाह पेशवाईतही वळवला गेला होता. तेव्हा काठावरच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. आता तर प्रत्येकाला एक मत आहे, तरीही विचारलं नाही.

६ मार्च २०२२ ला पंतप्रधान पुण्यात आले, मेट्रोचं उद्घाटन झालं, मुळा-मुठेच्या प्रकल्पांचं भूमिपूजन झालं. ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करायचा, खर्च सुमारे ४,७०० कोटी. पात्र आवळलं जाईल असा आक्षेप पुण्यातल्या नदीप्रेमींनी घेतला, मोर्चे काढले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या फलकांवर झाडं होती, पक्षी होते. पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता, आमचा ओढा क्वचित दिसला. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली, तेव्हा सोसायटीवाल्यांनाही कळलं की पूररेषा कागदावरची रेघ नाही. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तीन तरुण गेले. टीव्हीवर दिवसभर बुडालेल्या गाड्या दिसत होत्या.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

एका निवडणुकीत आपल्याच चळवळीतला एक उमेदवार वस्तीत आला. निळा झेंडा, हलगी, "जय भीम"चा गजर. मी वही घरीच ठेवली. आपला माणूस, त्याला काय विचारायचं? भाषण संपल्यावर आमच्या शेजारच्या मावशी उठल्या. त्या तीस वर्षं कचरा वेचतात. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी १९९३ पासून संघटना बांधून ओळखपत्रं मिळवली. शहराचा किती कचरा पेटण्यापासून आणि डेपोवर कुजण्यापासून त्यांनी वाचवला असेल, याला हवामानाचं काम म्हणायचं कोणाला सुचत नाही. मावशींनी एवढंच विचारलं, "साहेब, रात्री पाणी आलं तर आम्ही पळायचं कुठं? जागा सांगा."

साहेबांनी पुनर्वसनाबद्दल सांगितलं, फ्लॅटबद्दल सांगितलं, मनुवादी व्यवस्थेबद्दल सांगितलं. मावशी म्हणाल्या, "ते सगळं खरं हाय. पण आज रात्री?"

उत्तर नव्हतं. आणि मी तो प्रश्न विचारला नव्हता, या गोष्टीची लाज मला अजून वाटते. पुणे करारावर आपण दरवर्षी बोलतो ते कशासाठी? बाबासाहेबांचा सवाल हाच होता की ज्यांच्या नावाने प्रतिनिधी निवडला जातो, तो त्यांना बांधील असेल की दुसऱ्याच कोणाला? तो सवाल फक्त राखीव जागेपुरता नाही. आपल्या माणसाला सूट देऊन आपण तोच सवाल स्वतःच्या हाताने पुसतो.

आणि पाणी हा बाबासाहेबांचा विषय नव्हता असं कोणी म्हणू नये. महाड तर आहेच. शिवाय १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर नुसता बांध घालून ते थांबले नाहीत. पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी व्यवस्था उभी करण्यावर त्यांचा भर होता. आज सर्वोच्च न्यायालयानेही २१ मार्च २०२४ च्या माळढोक पक्ष्याच्या प्रकरणातल्या निकालात म्हटलं आहे की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क कलम १४ आणि २१ मधून येतो. कलम १४ म्हणजे समता. पूर सगळ्यांना सारखा लागत नाही, हे घटनेच्या भाषेत मांडायची वाट आता मोकळी आहे. ती आपण वापरायची की नाही?

मावशींच्या त्या प्रश्नानंतर मी वहीचे रकाने बदलले. आता नेता कोणत्याही पक्षाचा असो, पाच गोष्टी लिहितो. पावसाळ्याआधी त्याने ओढ्याची सफाई स्वतः येऊन पाहिली का? पाणी सुटणार याचा निरोप वस्तीत किती तास आधी आला? रात्री पळायची जागा ठरलेली आहे का आणि तिची किल्ली कोणाकडे आहे? त्याच्या निधीतला किती पैसा वस्तीतल्या गटारावर गेला आणि किती कमानीवर, बाकड्यांवर? घरं हलवायची वेळ आली तेव्हा तो जेसीबीच्या कोणत्या बाजूला उभा होता?

यातल्या चौथ्या प्रश्नासाठी मी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज केला. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही," असं उत्तर आलं. अपील केलं, आणखी चार महिने गेले, शेवटी फाइल बघायला बोलावलं. दोन दिवस बसून मी आणि माझ्या बहिणीने आकडे हाताने उतरवून काढले. बहीण म्हणाली, "दादा, यांनी संकलित केलं नाही, कारण कोणी मागितलंच नव्हतं."

म्हणून विनंती एवढीच. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत, बुद्धविहारात, अभ्यासिकेत अशी एक वही ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांकडे द्या, त्यांचं अक्षर चांगलं असतं. जयंतीच्या मंचावर जो कोणी हार घालायला येईल, त्याला आधी वहीतली पाच उत्तरं मागा. आपला असेल तर त्याला सर्वात आधी मागा.

आमच्या गल्लीच्या वहीत तिसऱ्या रकान्यात आजवर एकच नोंद भरली आहे. पळायची जागा: जवळच्या शाळेचा वरचा मजला. किल्ली: मावशींकडे. ती कोणत्याही नेत्याने दिलेली नाही. मावशी शाळेच्या शिपायाकडे सहा वेळा गेल्या आणि घेऊन आल्या.

जय भीम.