राणीच्या गुडघ्याची वाटी

सानगडीच्या आमच्या घरी राणी नावाची पांढरी पामेरियन कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यात ती चालता-चालता मागचा एक पाय उचलायची, दोन-चार पावले तीन पायांवर टाकायची आणि पुन्हा नीट चालायची. मुले हसायची. मीही म्हणालो, "नाटकं करते!"

एके दिवशी बाजेवरून उडी मारताच ती केकाटली. मी माझी अंगदुखीची गोळी काढली. मुलीने हात धरला, "बाबा, आधी डॉक्टरांना विचारा ना!"

बरे झाले धरला. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले. मग गुडघा हाताने वाकवून, सरळ करून पाहिला. गुडघ्याची वाटी हाडाच्या खाचेत वर-खाली सरकत असते. लहान जातीच्या कुत्र्यांत पायाची ठेवण पुष्कळदा जन्मापासूनच सदोष असते, खाच उथळ असते. म्हणून वाटी बहुधा आतल्या बाजूला घसरते. या दुखण्याच्या चार पायऱ्या. राणीची दुसरी : वाटी घसरते, पाय ताणला की जागेवर येते. तिसरीत वाटी बहुतेक वेळ बाहेरच राहते, चौथीत हाताने बसवूनही बसत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लंगडणे वाढले तर नागपूरला १९५८ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे नेऊ.

तूर्त पहिले काम वजन उतरवण्याचे. लाडाने आम्हीच तिला भात आणि बिस्किटे चारली होती. आता बिस्किटे बंद, भात मोजून. तिला उचलून काट्यावर उभा राहतो, माझे वजन वजा करतो आणि वहीत मांडतो. कारकुनाला एवढे जमतेच! सहा महिन्यांत साडेसातचे साडेसहा किलो झाले. गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या. बाजेवर चढणे बंद, रोज सकाळी दोरी धरून सावकाश फिरणे सुरू. लंगडणे गेले नाही, पण पुष्कळ कमी झाले.

शेजारच्या काकूंनी पिल्लू मागितले होते. हा दोष पिल्लांतही उतरतो, म्हणून हात जोडून नाही म्हटले. काकू दोन दिवस रुसल्या.

मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही. ते लंगडते तेव्हा सांगतच असते. आपण त्याला नाटक म्हणतो. मीही म्हटले होते. तुम्ही म्हणू नका.