निमित्त काय?

मराठीत आमंत्रणांची एक उतरंड आहे. लग्नाला पत्रिका लागते, बारशाला फोन लागतो, जेवायला बोलवायचं तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. चहाला मात्र रस्त्यात भेटलेल्या माणसालाही बोलावता येतं. ‘या एकदा चहाला’ म्हटलं की बोलावणाऱ्याचं काही जात नाही आणि न येणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच तारीख, वेळ आणि लोकेशन टाकून मी 26 जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर चहाला बोलावलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : निमित्त काय?

वाढदिवस नव्हता, साखरपुडा नव्हता, वास्तुशांत नव्हती. जानेवारी 2025 मधला एक रविवार, दुपारी साडेचार, कराडजवळ काकांच्या मळ्यात, चिंचेखाली. आत्यानं तर थेट फोन केला. “कुणी बघायला येणार हाय का तुला?”

निमित्त होतं अण्णांचं. माझ्या वडिलांनी 1993 ते 2024 अशी 31 वर्षं कराडच्या एसटी स्टँडजवळ चहाची टपरी चालवली. पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटायचा, रात्री आठला विझायचा. शेवटी गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा टपरी बंद झाली. इतक्या वर्षांत मी त्यांना बसून, कपभर चहा पिताना पाहिलेलं नाही. पातेल्यातला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि साखर बरोबर आहे का ते बघायचं, एवढंच त्यांचं चहा पिणं. घरी आले की म्हणायचे, “वासानंच पोट भरलंय.” नोकरीतून माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ मिळतं, ऑफिसातले लोक भाषणं करतात, ग्रुप फोटो निघतो. टपरी बंद झाली तेव्हा फक्त शटर खाली आलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी शेजारच्या गाड्यावर चहा घेतला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. एसटी कुणासाठी थांबत नाही.

याच सुमारास घरात माझ्या लग्नाचा बायोडेटा तयार होत होता. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर, वय 28. शिक्षण, उंची, पॅकेज वगैरे रकाने पटापट भरले गेले. ‘वडिलांचा व्यवसाय’ इथे गाडी अडली. आत्याचं म्हणणं होतं, नुसतं ‘व्यवसाय’ लिहावं. मामा म्हणाला, ‘हॉटेल व्यवसाय’. चुलतभावानं ‘एफ अँड बी’ सुचवलं आणि स्वतःच हसला. अण्णा काहीच बोलले नाहीत. उठून मोटार बंद करायला गेले. मोटार सुरूच नव्हती.

पार्टीची कल्पना तिथून आली. साधा चहा नको होता. टेबलक्लॉथ, कप-बश्या, फुलं, खुर्च्या, सगळं नीट हवं होतं. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला माणसं कचरतात, तीच नीट मांडून ठेवावी, असं काहीतरी डोक्यात होतं.

तयारीसाठी वाचायला लागले तर गंमत कळली. दुपारच्या चहाचा इंग्रजी थाट सुरू करण्याचं श्रेय साधारणपणे बेडफर्डच्या डचेसला, म्हणजे ॲना रसेलला दिलं जातं. साल 1840च्या आसपासचं. रात्रीचं जेवण उशिरा व्हायचं, मध्ये भूक लागायची, म्हणून चहा आणि किरकोळ खाणं. आपल्याकडची हॉटेलं ज्याला ऐटीत ‘हाय टी’ म्हणतात, ते प्रकरण मात्र वेगळंच. हाय टी म्हणजे ब्रिटनमधल्या कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण : दमून आल्यावर ब्रेड, मांस आणि सोबत चहा. पंचतारांकित हॉटेलात जो शब्द शोभेला लावलाय, तो मुळात गिरणी-खाणीतल्या माणसांचा आहे.

भारतात तर चहा मुद्दाम विकावा लागला. आसामात मळे फुलले, पण माल परदेशात जायचा. 1903 मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे 1930च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं. त्यातून निघालेली दाणेदार पावडर थोडक्यात गडद रंग देते, दुधाला पुरून उरते आणि स्वस्त पडते. दूध, साखर, आलं घालून उकळलेला आपला चहा या दाण्यांवरच देशभर पसरला. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे मशीन नसतं तर मी गवंडीकाम केलं असतं.”

आता हिशेब. मी एक्सेल शीट केली होती. 26 माणसं, प्रत्येकी दोन कप, कप 120 मिलिलिटरचा, म्हणजे सव्वासहा लिटर. अण्णांनी शीटकडे न बघता विचारलं, “माणसं किती?” मी सांगितलं. ते म्हणाले, “पहिल्या खेपेला सगळी घेत्यात. दुसऱ्याला निम्मी. तिसऱ्याला चारच. 43 कप. पाच लिटरच्या वर जाऊ नको.” मग अर्धं दूध, अर्धं पाणी, आटतं म्हणून वर थोडं, पावडर शंभर ग्रॅम. आलं पाण्यातच उकळायचं, दुधात टाकशील तर फाटायची भीती. आमच्या ऑफिसात याला कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात आणि त्यासाठी मीटिंगा होतात.

कप-बश्यांचा प्रश्न मजेशीर सुटला. मंडपवाल्याकडे स्टीलचे पेले होते नाहीतर कागदी कप. आई म्हणाली, “शोकेसमधले काढ की.” आपल्याकडे प्रत्येक घरात एक आहेरात आलेला कपांचा सेट असतो, जो पाहुण्यांसाठी ठेवलेला असतो आणि पाहुणे आल्यावर ‘फुटंल’ म्हणून काढला जात नाही. पाच घरांतून असे सेट गोळा केले. निळ्या फुलांचे, सोनेरी काठाचे, एकावर तर अजून किमतीचं स्टिकर होतं. भांड्यांवर नाव घालता येतं, चिनी मातीवर येत नाही, म्हणून आईनं प्रत्येक कपाच्या बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला. लाल आमचा, गुलाबी काकूचा, मरून आत्याचा. टेबलावर मांडल्यावर एकही ओळ सारखी दिसत नव्हती आणि तरी छान दिसत होती.

खायला काकडीची सँडविचेस केली, कडा कापून, आत लोण्याबरोबर शेंगदाण्याची चटणी. बेकरीतली नानकटाई, आईचे चिरोटे आणि वाटीवाटीनं भडंग. झेंडू मळ्यातलेच. पुण्याहून ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि एक मित्र आले होते. नियम एकच ठेवला : आई आणि अण्णा खुर्चीवरून उठणार नाहीत. चहा मी आणि चुलतभाऊ करणार, मित्रमंडळी देणार.

अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले. हातांचं काय करावं त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत राहिले. दोनदा उठायला गेले, दोनदा आईनं शर्ट ओढून बसवलं. ती स्वतः मात्र ऐटीत बसली होती. टपरीच्या दुधाची पातेली 31 वर्षं तिनंच घासली होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं म्हटलं. म्हणणारी माझी काकू होती.

सर्वांत उशिरा आले ते एसटीतले निवृत्त कंडक्टरकाका. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कप हातात आला, पहिला घोट झाला आणि सवयीनं त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. सगळे हसले. मग ते म्हणाले, “मालक, आज पैसं कुणाला द्यायचं?” स्टँडवर सगळे अण्णांना मालक म्हणायचे. ड्रायव्हर, हमाल, तहसील कचेरीतले साहेब, झाडलोट करणाऱ्या बायका. कंडक्टरकाकांनी माझ्या मित्राला समजावून सांगितलं, “पूर्वी काही ठिकाणी माणूस बघून ग्लास वेगळा निघायचा. कान तुटलेला कप बाहेर खुंटीला. इथं तसलं काही नव्हतं. सगळ्यांचे ग्लास एकाच बादलीत विसळायचे.” हायजिनमध्ये त्या बादलीला शून्य मार्क मिळाले असते. बाकी ज्या विषयात मिळायला हवेत, त्यात पैकीच्या पैकी.

आत्या हे सगळं ऐकत होती. तिनं निळ्या फुलांचा कप खाली ठेवला आणि अण्णांकडे बघून म्हणाली, “तुझ्या टपरीवर मी कधी चहा पिलाच न्हाई बघ.” अण्णा म्हणाले, “बायका कुठं थांबत होत्या स्टँडवर? आता पी.” आणि स्वतःचा कप बशीत ओतला. फुर्रर्र असा आवाज झाला. माझ्या मैत्रिणीनं लगेच आपलाही चहा बशीत ओतला आणि टेबलक्लॉथवर सांडला. अठराव्या शतकातल्या इंग्लंडातही लोक बशीतून चहा पीत, ही माहिती मी पाठ करून ठेवली होती. सांगायची वेळ आली नाही.

चहाबद्दल अण्णा एवढंच बोलले, “उकळी एक कमी झाली.” म्हणजे बरा झाला होता.

रात्री घरी कप धुताना मी त्यांना विचारलं, “अंदाज बरोबर आला का तुमचा?” त्यांना मोजू नका म्हणून सांगितलं होतं, पण मला खात्री होती. “45 झाले,” ते म्हणाले. “दोन जास्त. ते माझे.”

बायोडेटातला रकाना दुसऱ्या दिवशी भरला. अण्णांनीच सांगितलं तसं टाइप केलं : चहाची टपरी, एसटी स्टँडजवळ, कराड, 1993 ते 2024. आत्यानं तो वाचला आणि तसाच पुढे पाठवला. पहिल्याच स्थळाकडून आठवड्यात नकार आला. कारण कळवलं होतं, पत्रिका जुळत नाही.

अण्णांनी फोन हातात घेतला, मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा काढत म्हणाले, “पत्रिका न्हाई गं. किटली जुळली न्हाई.”