ड्रॉप्स धरल्यावरची बैठक

सायकलची शर्यत खेळणाऱ्या बाईच्या सीटबद्दल बोलायचं तर शरीराबद्दल बोलावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जणी गप्प होतात. मी पुण्यात टाइम ट्रायल खेळते, जमेल तशा लांब पल्ल्याच्या शर्यतीही करते. गुडघा दुखला तर आम्ही दहा जणींना विचारतो. मांड्यांच्या मधली जागा सोलवटली, सुजली किंवा बधिर झाली, तर घरी जाऊन खोबरेल तेल लावतो आणि दोन दिवसांनी पुन्हा त्याच सीटवर बसतो. मीही बराच काळ तेच करत होते.

माझ्या रोड बाइकला अरुंद, लांब नाकाची सीट बसवलेली होती. कात्रजचा घाट चढताना तिचा त्रास नसायचा. दुखायला लागायचं ते घाट उतरून खेड शिवापूरच्या सपाटीला लागल्यावर. तिथे वारा समोरून येतो, म्हणून मी हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर घेऊन वाकायचे. वीसेक मिनिटांत पुढच्या बाजूला आग व्हायची, मग मुंग्या यायच्या, मग काहीच कळेनासं व्हायचं. शर्यतीत अशा वेळी उठून पेडल मारावं लागतं, आणि उठलं की वेग पडतो. ज्या स्थितीत सगळ्यात जोर लावायचा, त्याच स्थितीत बसवत नव्हतं.

प्रशिक्षक सरांना सांगितलं. "सवय होईल," ते म्हणाले, आणि विषय हृदयाच्या ठोक्यांकडे वळवला. दुकानदाराने जेलची रुंद ‘लेडीज सीट’ काढून दिली. अंगठ्याने दाबली तर उशीसारखी मऊ. पण तासाभराने हाडं जेलमध्ये रुतायची आणि मधला भाग वर फुगून जिथे नको तिथेच दाबायचा. शिवाय तिची मागची रुंदी दर पेडलला मांडीच्या आतून घासायची. बाजारात भाजी आणायला जाणारी बाई ताठ बसते. तिच्यासाठी ती सीट ठीक असेलही. ड्रॉप्स धरून चाळीस किलोमीटर ओढणारीला तिचा उपयोग नाही.

हे का होतं, ते मला आमच्या गटातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. ताठ बसलं की भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. ही हाडं भार घेण्यासाठीच असतात, त्यांच्यावर बराच वेळ बसता येतं. कमरेतून पुढे वाकलं की अख्खी कंबर पुढे कलते, ती दोन हाडं सीटवरून उचलली जातात आणि भार पुढे, जांघेच्या हाडांच्या कडांवर आणि त्यांच्या मधल्या मऊ भागावर सरकतो. तिथेच नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. पुरुषांनाही हा त्रास होतो. पण बायकांची बैठकीची हाडं सरासरीने अधिक अंतरावर असतात आणि जांघेच्या हाडांची कमानही अधिक रुंद असते, त्यामुळे पुरुषाच्या मापावर बेतलेल्या अरुंद सीटच्या दोन्ही बाजूंनी हाडं बाहेर पडतात आणि सगळा भार मधल्या भागाला घ्यावा लागतो.

माप घ्यायला त्यांनी खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा आणायला सांगितला. तो लाकडी स्टुलावर ठेवायचा, वर बसायचं, पाय थोडे उंचावर टेकवायचे, पुढे वाकायचं. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि सीट त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद बघायची. माझे खळगे १२८ मिलिमीटरवर आले. माझी सीट तेवढीसुद्धा रुंद नव्हती! आता चांगल्या कंपन्या एकच सीट १४३, १५५, १६८ अशा रुंदीत काढतात, त्यामुळे १५५ची शोधायची हे ठरलं.

रुंदीने निम्मा प्रश्न सुटला. मागे बसताना आराम वाटला, पुढे वाकल्यावर मुंग्या होत्याच. उरलेलं काम सीटच्या मधल्या पोकळीचं आणि नाकाच्या लांबीचं होतं.

याच काळात मी मिळेल ते वाचत गेले, आणि वाचून मला राग आला, कारण हे सगळं इतकी वर्षं माहीत होतं. जॉर्जीना टेरी या अमेरिकन अभियंता बाईंनी १९८०च्या दशकात खास बायकांच्या अंगाला बेतलेल्या सायकली बनवायला घेतल्या आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मधोमध भोक असलेली सीट बाजारात आणली. २००२मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सहा महिला सायकलपटूंची निरीक्षणं छापली: एका बाजूच्या भगोष्ठाला आलेली सूज उतरतच नव्हती, आणि त्या आठवड्याला सरासरी साडेचारशे किलोमीटरहून जास्त सायकल चालवत होत्या. रिओ ऑलिंपिकच्या आधी ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेने आपल्या मुलींना सरळ विचारलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीची काही ना काही तक्रार निघाली, आणि तोवर त्यांनी ती कुणाला सांगितलेली नव्हती. पदकं जिंकणाऱ्या त्या मुलीही आमच्यासारख्याच गप्प होत्या. पॅरा सायकलपटू हॅना डाइन्सने पुढे २०१९मध्ये या सुजेसाठी झालेल्या शस्त्रक्रियेबद्दल स्वतःच्या नावानिशी लिहिलं. तिचे उपकार मानावे तेवढे थोडे.

ब्रिटिश सायकलिंगच्या त्या चौकशीतून पुढे एक नियमही बदलला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतींत सीट जवळपास आडवीच ठेवावी लागे, आता तिचं नाक नऊ अंशांपर्यंत खाली झुकवता येतं. पुढे वाकणाऱ्या बाईला त्या थोड्याशा उताराने किती फरक पडतो, ते मी स्वतः अनुभवलं. मी ॲलन की घेऊन, मोबाइलवरचं लेव्हल सीटवर ठेवून एकेक अंश उतरत गेले. फार उतार झाला की अंग पुढे घसरतं आणि तळहात, खांदे भरून येतात. माझं तीन अंशांवर जमलं. उंचीही थोडी कमी केली. सीट उंच असली की पेडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि ते डोलणंच कातडी सोलतं.

सीट कोणती, हे मात्र उसनवारीनेच ठरलं. चांगली सीट दहा-बारा हजारांच्या घरात जाते आणि एकदा बसवली की दुकानं परत घेत नाहीत. म्हणून आम्ही मैत्रिणींनी आपापल्या जुन्या सीटा एकत्र केल्या. जिला हवी तिने न्यायची, मुळशीच्या रस्त्यावर चालवायची, परत आणायची. दुभंगलेल्या नाकाची सीट एकीला कोपरं टेकवायच्या एअरो बारवर फारच मानवली, माझ्या मांड्या तिने घासून काढल्या. मोठ्या पोकळीच्या सीटचा काठ मला रुतायचा. शेवटी आखूड नाकाची, मध्ये लांब खाच असलेली, हाताला चांगलीच कडक लागणारी १५५ची सीट माझी झाली. तीच सीट माझ्याच उंचीच्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. अमुक सीट बायकांसाठी सर्वोत्तम, असं कुणी सांगू लागलं की मी ऐकत नाही.

कपड्यांचं मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे. पॅडच्या शॉर्ट्सखाली आतले कपडे घालायचे नाहीत, शिवण तिथेच कापते. राइड संपली की चहाला थांबण्याआधी शॉर्ट्स बदलायची. पावसाळ्यात ताम्हिणीकडून भिजून येताना पॅड ओलं राहतं, त्यात घर्षण वाढतं आणि केसतूड उठतं, म्हणून घर्षण कमी करणारं क्रीम भरपूर लावायचं. वस्तऱ्याने केस काढायचे नाहीत. ब्रिटिश संघालाही तज्ज्ञांनी हेच सांगितलं होतं, कारण केस कातडीला घासण्यापासून वाचवतात. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा फार सोलतात. मेन्स्ट्रुअल कप वापरायला लागल्यापासून माझी ती अडचण गेली, पण शर्यतीच्या दिवशी तो पहिल्यांदा वापरू नये. आणि सूज आठवडाभरात उतरली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि सायकल चालवतो हे त्यांना आपणहून सांगायचं.

गेल्या हिवाळ्यात बालेवाडीला सराव करणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीची आई मला भेटली. मुलगी ट्रॅकवर चांगली होती आणि अचानक नको म्हणायला लागली होती. आईला वाटलं अभ्यासाचा ताण. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "बसताना दुखतं का गं?" ती आधी आईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मावशी, सगळ्यांनाच दुखतं ना?" आम्ही तिघींनी तिथेच पुठ्ठा मिळवला. तिचे खळगे माझ्याहूनही अधिक अंतरावर होते आणि ती भावाच्या जुन्या सीटवर बसत होती.

आईने लगेच विचारलं, कोणती घेऊ. मी म्हटलं, अजून काही घेऊ नका. आधी दोन चांगल्या शॉर्ट्स घ्या, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरी घालता येईल. मग आमच्यातल्या सीटा एकेक करून न्या, आणि प्रत्येकीवर तिला ड्रॉप्स धरून, दम लागेल अशा वेगाने तासभर चालवू द्या. नुसतं बसवून ठरवू नका. आणि तिच्या सरांशी बोलाल तेव्हा तिलाही सोबत न्या, तिचं तिलाच सांगू द्या.