शिवेवरचा उकिरडा

गेल्या पौषात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून अंकुशनगरास जाण्याचा योग आला. हे नाव पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळा गावाच्या शिवारात, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या भोवती ही वसाहत वसली आहे. कारखान्याचे प्रवर्तक अंकुशराव टोपे यांच्या नावावरून ती ओळखली जाते. तेथे तीर्थ नाही, लेणी नाहीत, थंड हवा तर नाहीच नाही. असे असता त्या गावाविषयी चार पाने लिहावीत असे काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

जालन्याहून सकाळच्या एस. टी.ने निघालो. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडले. तेथून दक्षिणेस गोदावरीच्या बाजूने जाऊ लागले म्हणजे भूमीचे रूप पालटू लागते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जुन्या लोकांस येथली ज्वारी, बाजरी आणि कापूसच आठवतात. पैठणचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले, नाथसागराचे पाणी डाव्या कालव्याने या अंगास आले, आणि पाण्यामागून ऊस आला. हल्ली हंगामात दुतर्फा उसाचे फड आणि रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग असा देखावा असतो.

वाटेत एका ठिकाणी अशीच एक ट्रॉली आडवी झाल्यामुळे आमची गाडी तासभर खोळंबली. उतारू खाली उतरले, मीही उतरलो. जागा दोन गावांच्या शिवेवरची होती. त्या गावांची नावे सांगत नाही, कारण अशी शीव महाराष्ट्रात कोठेही सापडेल. रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंचीचा एक ढीग होता. त्यात शेण होते, भाजीचा पाला होता, लग्नातल्या पत्रावळी व थर्माकोलच्या ताटल्या होत्या, गुटख्याच्या पुड्या, औषधांच्या बाटल्या, लहान मुलांची वापरून टाकलेली लंगोटी, आणि या सर्वांना गुंडाळून राहिलेल्या रंगीबेरंगी पिशव्या. ढिगाच्या एका टोकास धूर निघत होता. दोन गाई पिशव्या चघळीत उभ्या होत्या.

एक वृद्ध बाई डोईवरची पाटी तेथे रिती करीत होती. मी विचारले, "मावशी, हा उकिरडा कोणत्या गावचा?"

"आमचा न्हाई, बाबा. त्या पलीकडल्या गावचा हाय," असे म्हणून तिने पाटी झटकली.

जवळच चहाची टपरी होती. टपरीवाला पलीकडच्या गावचा. तोच प्रश्न त्यास केला. तो म्हणाला, "आमच्या ग्रामपंचायतीची हद्द त्या लिंबापर्यंत. ढीग लिंबाच्या पुढं. आमचा काय संबंध?" मी पाहिले, तो ढीग त्या लिंबाच्या बुंध्याला चहूंकडून वेढून बसला होता. पूर्वी शिवेवरच्या हातभर जमिनीसाठी दोन गावांत डोकी फुटत. प्रत्येक गाव म्हणे, ही आमची. आज प्रथमच अशी जमीन पाहिली की जिला दोन्ही गावे म्हणतात, ही आमची नव्हे.

अंकुशनगरास पोचलो तेव्हा दुपार झाली होती. माझा विद्यार्थी तेथील प्रयोगशाळेत कामास आहे. त्याने मोठ्या आवडीने गळिताचा सारा प्रकार दाखविला. गव्हाणीत ऊस पडतो, फाटतो, चरकांच्या रांगेतून पिळून निघतो, रस तापतो, निवळतो, आटतो, आणि शेवटी शुभ्र दाणा होतो. हे सर्व पाहून मी म्हणालो, "एवढ्या डोंगराएवढ्या उसाची एवढीच साखर! बाकीचे वायाच गेले म्हणायचे."

तो हसला. "गुरुजी, येथे वाया काही जात नाही. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. बगॅस म्हणजे चिपाडांचा भुसा निघतो अठ्ठावीस-तीस किलो. तो बॉयलरात जळतो, त्या वाफेवर कारखाना चालतो. रस निवळताना तीन-चार किलो प्रेसमड खाली बसतो. त्याचे खत होते. मळी निघते चार-साडेचार किलो. तिचे मद्यार्क होते. बाकी राहते ते बहुतेक पाणी, आणि तेही पुन्हा वापरता येते. उसाची वाढी फडातच कापून जनावरांना जातात, पाचट रानात कुजवले तर जमिनीला सोने."

मी विचारले, "आणि समज, कोणी मळी बगॅसच्या ढिगावर ओतली आणि वर प्रेसमड टाकला, तर?"

"तर सगळाच कचरा," तो म्हणाला. "ना जळणार, ना खताला, ना भट्टीला. मग तो उचलायला उलटे पैसे मोजावे लागतील."

शाळेत शिकविण्याचा धंदा आयुष्यभर केल्यामुळे शब्दांच्या मुळाशी जाण्याची खोड जडली आहे. त्याच्या या उत्तराने अमरकोशातला एक शब्द आठवला. केरास त्या कोशात 'अवकर' म्हटले आहे आणि 'संकर' असेही म्हटले आहे. संकर म्हणजे मिसळण! ज्यांनी हा शब्द घडविला त्यांनी कचऱ्याची व्याख्याच करून ठेवली आहे. कचरा नावाचा पदार्थ जगात नाही. निरनिराळे पदार्थ एकत्र कालवले म्हणजे त्या कालवण्याचे नाव कचरा. त्याच कोशात केरसुणीस 'शोधनी' हा शब्द आहे. शोधणे म्हणजे शुद्ध करणे, निवडणे. नुसते एका जागचे उचलून दुसरीकडे लोटणे हे शोधन नव्हे. यज्ञमंडपातदेखील केर टाकावयाची जागा नेमलेली असे. तिला 'उत्कर' म्हणत, आणि आपला उकिरडा त्याच घराण्यातला. म्हणजे उकिरड्याला जागा असे, मर्यादा असे, आणि तो कोणाचा हे ठरलेले असे. शिवेवरच्या ढिगास यांतले काहीच नव्हते.

ही केवळ खेड्यांची गोष्ट आहे असे मात्र शहरातील वाचकांनी मानू नये. आमच्या मराठवाड्याच्या राजधानीचाच दाखला घ्या. औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, तीन दशकांहून अधिक काळ आपला कचरा नारेगावच्या मैदानात नेऊन टाकीत असे. तेथल्या व आसपासच्या गावकऱ्यांचे पाणी नासले, हवा नासली, शेतात पिशव्या उडू लागल्या. त्यांनी अर्ज केले, विनविले. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडविल्या, आणि पुढे उच्च न्यायालयानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. दुसरी जागा शोधीत मार्च महिन्यात गाड्या मिटमिट्याकडे निघाल्या, तेव्हा दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, गाड्या जळाल्या. इतके झाल्यावर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा ठिकाणी प्रक्रियेची केंद्रे उभारण्याचे काम सुरू झाले. नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या असे आपण म्हणतो. वास्तविक त्यांनी एवढेच विचारले की, तुमच्या घरची घाण आमच्या दारी का? हा प्रश्न इतकी वर्षे शहरास पडला नाही, याचेच नवल.

मग उपाय काय? विद्यार्थ्याच्या ओसरीवर रात्री याच विषयावर आमचे बोलणे चालले. मी शाळामास्तर, मी गणित मांडले. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास घनकचऱ्यासाठी दरडोई साठ रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई पंचेचाळीस रुपये अशी तरतूद होती. दीड हजार वस्तीचे गाव धरले तर नव्वद हजार रुपये झाले. एवढ्यात कंपोस्टचे खड्डे होतील, एखादी ढकलगाडी येईल. पण प्लॅस्टिक स्वच्छ करून, दाबून, त्याचे गठ्ठे बांधणारे यंत्र काही येणार नाही. आणि आले तरी एका गावाच्या महिन्याच्या दोन पोत्यांसाठी कोणता व्यापारी फिरकेल? हे ओळखूनच त्या योजनेत प्लॅस्टिकचे केंद्र गावास नव्हे तर तालुक्यास एक, असे ठरवून त्यासाठी सोळा लाखांपर्यंत रक्कम ठेविली होती.

विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे हाही कारखानाच झाला की, गुरुजी!"

त्याचे म्हणणे अगदी खरे. दोन एकर ऊसवाल्यासाठी कोणी चरक उभारीत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीस सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला, तेव्हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हेच उमगले की, जे एकट्याच्या आटोक्यात नाही ते शंभरांच्या आटोक्यात येते. मात्र प्रत्येकाने आपला ऊस साफ करून, वेळेवर, ठरल्या जागी आणला पाहिजे. कचऱ्याचेही तसेच. ओले गावातच जिरावे. त्यास परगावी नेण्याचे कारण नाही. कोरडे तेवढे वेगळे ठेवून तीस-चाळीस गावांनी एकत्र आणावे. तालुक्याचे केंद्र पंचायत समितीने पाहावे. जवळच्या नगरपालिकेने आपले यंत्र खेड्यांस, आणि खेड्यांनी आपले खत शेतकऱ्यांस द्यावे. ज्याचे काहीच होत नाही ते सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाऊ शकते. तळकोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने २०१५ नंतर घरोघर कचरा वेगळा घेऊन, पुढे त्याचे वीसांहून अधिक प्रकार निवडून, जुन्या कचराडेपोच्या जागी लोक मुद्दाम पाहावयास जातात असे उद्यान केले. तेथेही मुळात जादू कोणतीच नव्हती. घरात वेगळे केलेले पुढे कोणी एकत्र केले नाही, एवढेच.

ज्या प्रांताने उसासाठी, दुधासाठी, सुतासाठी सहकार केला, त्याने उकिरड्यासाठी का करू नये? याचे उत्तर देताना मात्र जीभ अडखळते, कारण ते आपल्याच घरात सापडते.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात कचरा असा फारसा नसेच. भाजीची देठे गाईस, राख भांड्यांस, करवंटी चुलीत, नारळाची शेंडी घासणीस, विटके लुगडे गोधडीस, रद्दी वाण्याकडे. हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. पण हे निवडण्याचे काम घरातल्या बायका करीत, आणि पुरुषांस त्याची वार्ताही नसे, हे सांगत नाही. तसेच, जे निवडता येत नसे ते नेण्यासाठी एक माणूस परसदारी येई. त्याच्या हातावर भाकरी वरून टाकीत. तो गेल्यावर त्या पायरीवर पाणी ओतीत. मीही ओतले आहे. आम्ही सोवळे नेसून स्वतःस शुद्ध समजत होतो. खरे शोधन करणारा तो, आणि अशुद्ध मात्र तोच ठरला. घाण उंबऱ्याबाहेर गेली की आपला संबंध संपला, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांनी दिली. तिचाच विस्तार होत होत परसदाराचा नारेगाव झाला. त्या वृद्ध बाईने आणि टपरीवाल्याने जे उत्तर दिले ते त्यांनी आमच्याचकडून उचलले, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे फिरावयास निघालो तो ऊसतोड मजुरांच्या कोप्यांशेजारून गेलो. ही माणसे गोदावरीपलीकडच्या बीडकडून हंगामापुरती येतात. थंडीने कुडकुडत एक मुलगी पाचटावर चहा उकळीत होती. जवळच तिने रिकाम्या बाटल्या एका पोत्यात आणि कागद-पुठ्ठा दुसऱ्यात भरून ठेविला होता. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "भंगारवाला येतो ना. मिसळलं तर घेत नाही." जे समजावयास मला अमरकोश लागला, ते तिला भंगारवाल्याच्या भावाने कळले होते.

घरी परतल्यावर प्रथम स्वयंपाकघरात ओल्याची एक आणि कोरड्याची एक अशा दोन टोपल्या मांडल्या, आणि औषधांच्या बाटल्या, घड्याळातले सेल, फुटकी काच यांसाठी तिसरा डबा ठेविला. टोपल्या रित्या करण्याचे काम सुनांकडे न देता मी आपल्याकडे घेतले. पहिले चार दिवस नातवंडे हसली. आता चूक झाली की तीच मला ओरडतात. दुसरे काम हे की, शिवेवरच्या त्या दोन्ही गावच्या सरपंचांस पत्रे लिहिली, मजकूर एकच. आपण दोघांनी मिळून त्या लिंबाखालची जागा साफ करावी, आणि कोरडे एकत्र देण्याविषयी पंचायत समितीस संयुक्त अर्ज करावा, असे विनविले.

एकाचे उत्तर अद्याप नाही. दुसऱ्याचे आले आहे. त्यात लिहिले आहे, "पलीकडचे तयार असतील तर आमची हरकत नाही." हे पत्र पहिल्यास दाखविण्यासाठी येत्या महिन्यात पुन्हा त्या वाटेने जाणार आहे.