डॉक्टरांनी सांगितलंय

पन्नाशीच्या आसपासची बाई घरात ‘मला सायकल घ्यायचीय’ म्हणाली, की पुढचं वाक्य तिला तयार ठेवावं लागतं. नुसतं ‘हौस आली’ म्हणून भागत नाही. हौस साडीची चालते, भिशीची चालते, अष्टविनायकाची तर धावते. पण सकाळी सहाला लेगिंग घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून एकटीनं बाहेर पडायची हौस कुणाच्या पचनी पडत नाही. मग ती म्हणते, ‘वजन वाढलंय, डॉक्टरांनी सांगितलंय.’ आता सगळ्यांच्या माना डोलतात. नवरा दुकानात बरोबर येतो, मुलगा गिअर किती असावेत यावर व्याख्यान देतो, सासूबाई ‘सकाळचं दूध मी घेईन’ म्हणतात. मी कोथरूडमध्ये राहते. सकाळी भेटणाऱ्या आम्हा सायकलवाल्यांपैकी प्रत्येकीकडे असं काहीतरी आहेच: थायरॉइड, साखर, गुडघे, पाळी जायच्या वयात उडालेली झोप. सगळं खरं आहे, खोटं कुणी बोलत नाही. पण घराबाहेर पडायला ते परवान्यासारखं उपयोगी पडतं, हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी हेच डॉक्टर पलीकडच्या बाजूला उभे होते. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बायका सायकलवर बसायला लागल्या तेव्हा काही डॉक्टरांनी आणि मासिकांनी मिळून ‘सायकल-चेहरा’ नावाचा आजारच काढला. तोल सांभाळायच्या ताणानं म्हणे बाईचा जबडा आवळला जातो, डोळे तारवटतात आणि चेहरा कायमचा ओढलेला राहतो! त्याच सुमारास फ्रान्सेस विलर्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या स्त्री-संघटनेच्या या अध्यक्ष. आपल्या पंडिता रमाबाईंचा अमेरिकेत ज्या संघटनेशी संबंध आला, तीच ही संघटना. आई गेलेली, कामाच्या रगाड्यानं प्रकृती खालावलेली, अशा अवस्थेत बाईंनी सायकल धरली, तिचं नाव ग्लॅडिस ठेवलं आणि १८९५ मध्ये त्या शिकण्यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. तब्येतीचं कारण त्यांच्याकडेही होतंच. तेव्हा काही डॉक्टर नको म्हणत होते, आता हो म्हणतात. मधे डॉक्टर आहेतच.

पुण्यातल्या आमच्यासारख्या बहुतेकींना सायकल येत होतीच. हुजूरपागा शाळेत, एसपी कॉलेजात, फर्ग्युसनमध्ये आम्ही सायकलवरच गेलो. कॅरिअरला दप्तर, ओढणीची कमरेला गाठ, चेनचं ग्रीस लागलेली सलवार, आणि पाऊस आलाच तर एका हातानं हँडल, दुसऱ्या हातात छत्री. तेव्हा कुणी कारण विचारत नसे, कारण शाळा-कॉलेज हेच कारण होतं. लग्न ठरलं की सायकल धाकट्या भावाला जायची. सासरी सायकल नेलेली मुलगी मी पाहिली नाही. शिलाई मशीन नेलेल्या पुष्कळ पाहिल्या. मग लूना आली. आमच्याच पुण्याच्या कायनेटिक कंपनीची ही गाडी १९७२ पासून बनत होती. तिला पेडलं होती, पण ती मुख्यतः गाडी चालू करायला. एकदा का इंजिन फुरफुरलं की पाय नुसते ठेवायचे. त्यानंतर कायनेटिक होंडा, स्कूटी. मंडईपासून मुलांच्या क्लासपर्यंत सगळं वेगानं उरकायला लागलं, आणि उरलेल्या वेळात आणखी कामं आली.

वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा बसलं की तोल पहिल्या गल्लीतच सापडतो. सापडत नाही तो दम. पौड रोडनं चांदणी चौकाचा चढ लागला की आपण कोण आहोत हे नीट कळतं.

आता वजनाचा हिशेब. ६५ किलोची बाई ताशी सोळा-सतरा किलोमीटरच्या वेगानं तासभर न थांबता चालवत राहिली, तर साधारण ४०० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. म्हणजे किलोभर उतरायला एकोणीस-वीस तास दामटायची, तीही परतताना कुठं थांबलं नाही तर. आणि थांबणं तर होतंच. खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजीचा घाणा लागलेला असतो, रविवारी मिसळीशिवाय गटाचं पान हलत नाही. साध्या एका वडापावात ३०० च्या घरात कॅलरी असतात. शिवाय घरी आल्यावर एरवीपेक्षा एक पोळी जास्त जाते, हे कुठल्याही आहारतज्ज्ञाला न विचारता सांगता येतं. तेव्हा सायकलनं वजन झरझर उतरतं असं जी सांगते, तिच्या ताटात काय बदललं ते आधी विचारावं.

माझ्या एका मैत्रिणीचं वर्षभर नेमानं चालवून जेमतेम दोन-अडीच किलो वजन उतरलं. नवरा म्हणाला, ‘अगं, एवढ्यासाठी रोज पहाटे उठतेस?’ ती म्हणाली, ‘अहो, आता गुडघ्यांसाठी सांगितलंय.’ कुणी सांगितलंय, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

वजनकाट्याला दिसत नाही असं बरंच बदलतं. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, बसल्या जागी नाडी संथ होते, तीन मजले चढून गेल्यावर लगेच बोलता येतं, रात्री झोप लागते. मात्र सगळं श्रेय सायकलला देऊ नये. तिच्यावर बसलं की शरीराचा भार सीट पेलते, म्हणून गुडघ्यांना ती सोसते. पण त्याच कारणानं हाडांना तिचा फारसा उपयोग होत नाही. पाळी गेल्यावर ठिसूळ व्हायला लागणाऱ्या हाडांसाठी थोडीफार वजनं उचलावीच लागतात. आणि गुडघ्यांना सोसते तीही सीट बरोबर असली तर! बहुतेक बायका सीट खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. मग गुडघे छातीशी येतात आणि महिन्याभरात कुरकुरायला लागतात. पेडल अगदी खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक उरेल इतकी सीट वर हवी. थांबताना तिच्यावरून पुढं उतरायचं असतं. शिवाय बायकांची बसायची हाडं थोडी दूर-दूर असल्यानं अरुंद सीट टोचते, आणि त्यावर उपाय म्हणून घातलेलं जाडजूड जेलचं कव्हर लांबच्या पल्ल्यात आणखी टोचतं. जड गिअरमध्ये रेटण्यात पुरुषार्थ नाही. हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवावेत. इतकं साधं दुकानदारानं सांगायला हवं, पण तो रंग दाखवत बसतो.

तरी मला वाटतं, ज्या तासासाठी आम्ही उठतो तो वेगळाच आहे. आधी आम्ही चालायला जायचो, दोघी-तिघी मिळून. चालताना बोलणं होतं, आणि बोलण्यात घर येतं: सुनेचं, मुलाच्या नोकरीचं, आईच्या ऑपरेशनचं. पाच किलोमीटर चालून परत यायचो तेव्हा घर आमच्याबरोबर तेवढंच चाललेलं असायचं. सायकलवर तसं होत नाही. रस्त्यावर एकीमागे एक जावं लागतं, मागचीला ओरडून कितीसं सांगणार! फोन वाजला तरी उचलता येत नाही. पाषाण तलावापर्यंत जाऊन येईतो कुणाला बडीशेप कुठल्या डब्यात आहे हे विचारता येत नाही. चढावर तर विचारही करता येत नाही, श्वास पुरत नाही. अशा रिकाम्या तासाची मागणी घरात सरळ करून पाहा, ‘म्हणजे नक्की करणार काय?’ असा प्रश्न येतो. वजनाचं कारण पुढं केलं की तो येत नाही.

मोठी माणसं याच वाटेनं मोठी झाली आहेत. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ च्या जूनमध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत कापलं. वाटेत पाच हजार मीटरवरचे घाट. सायकल त्यांनी हातात घेतली ती चाळिशीत, आजारपणातून आणि नैराश्यातून बाहेर पडायला. औषध म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठल्या कुठं गेली. ॲपवरचे आकडे आणि ‘आधी-नंतर’चे फोटो पाहून मला कंटाळा येतो, पण पंचेचाळिशीतली बाई टांगलांग ला हा त्यातला घाट ओलांडते तेव्हा हात जोडावेसे वाटतात.

आणि पुदुकोट्टई? तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची टूम निघाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बायका हजारोंनी मैदानात उतरल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं हा फायदाच झाला. वजन उतरवायचा प्रश्नच नव्हता. त्यांना बसची वाट पाहायची नव्हती, आणि कुणी सोडायला येईल याचीही.

आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताई सूसच्या बाजूनं सायकलवर येतात. काळी जुनी लेडीज सायकल, कॅरिअरला पिशवी. आम्ही मारे हेल्मेट चढवून निघतो तेव्हा त्यांची एका घरची कणीक मळून झालेली असते. त्यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही. त्यांना सायकल चालवून कसं वाटतं असं मी एकदा विचारलं. ‘कसं वाटायचंय? पाय भरून येतात,’ त्या म्हणाल्या. मग माझी सायकल सगळीकडून नीट पाहिली, किंमत विचारली, आणि एवढ्या पैशात जुनी स्कूटी येते हे मला सांगितलं. दिवाळीला हप्त्यावर घेणार आहेत. काळी सायकल अकरावीतल्या मुलीला द्यायचा बेत आहे. मुलगी म्हणते, मलाही स्कूटीच हवी.