संग्रह करावा, पण कसा?

विद्यार्थी कसा आहे, हें त्याच्या उत्तरांवरून नव्हे, तर त्याच्या प्रश्नांवरून ओळखावें, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. वर्गांत "समजलें काय?" असें आम्हीं विचारलें म्हणजे चाळीस माना एकदम हालतात; परंतु मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं जे दोनतीन विद्यार्थी घुटमळत असतात, त्यांचे प्रश्न मात्र खरे असतात. अलीकडे आमच्यापाशीं असे जे प्रश्न येतात, ते व्याकरणाचे नसतात व भूमितीचेही नसतात. ते असतात जपानी चलच्चित्रांविषयीं, ज्यांस आमचे विद्यार्थी 'ॲनिमे' म्हणतात. तीं 'टोरेंट'च्या द्वारें उतरवून घेण्याविषयीं. आणि उतरविलेलीं चित्रें बाह्य हार्ड डिस्कवर सांठवून ठेवण्याविषयीं. एकेकट्यास कोपऱ्यांत उत्तर देण्यापेक्षां सर्वांस येथें एकत्र उत्तर द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

हीं चित्रें म्हणजे निव्वळ पोरखेळ, असें कित्येक पालक समजतात. आमचें मत तसें नाहीं. ओसामु तेझुका या चित्रकाराची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जपानच्या दूरदर्शनवर १ जानेवारी १९६३ रोजीं सुरू झाली, तेव्हांपासून या कलेनें तेथें मोठा विस्तार केला आहे. आमच्याकडील मुलांस 'डोरेमॉन' हिंदींतून बोलतांना ऐकण्याची संवय लहानपणींच लागते, व पुढें तीं मोठ्या गोष्टींकडे वळतात. चोवीस मिनिटांच्या एका भागासाठीं हजारों चित्रें काढावीं लागतात, आणि त्यांतील पुष्कळ चित्रें काढणाऱ्या तरुण कारागिरांस फारच थोडें वेतन मिळतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां पहिला प्रश्न: टोरेंट म्हणजे काय? कल्पना करा कीं, वर्गांत तीस विद्यार्थी आहेत व शंभर पानांची एकच वही आहे. सर्वांनीं त्या एका वहीभोंवतीं रांग लावली, तर सायंकाळ होईल. परंतु प्रत्येकानें निरनिराळीं पानें उतरवून घेतलीं व मग आपसांत अदलाबदल केली, तर तासाभरांत सर्वांच्या वह्या पूर्ण होतील. ब्रॅम कोहेन या अमेरिकन गृहस्थानें २००१ सालीं 'बिटटोरेंट' या नांवानें जी पद्धति प्रसिद्ध केली, तिचें मर्म एवढेंच आहे. फाइलचे शेंकडों तुकडे होतात. तुम्ही ते अनेकांकडून घेतां आणि घेत असतांनाच इतरांस देतां. ज्याच्यापाशीं सर्व तुकडे आहेत व जो देत बसला आहे, त्यास 'सीडर', म्हणजे बीं पेरणारा, म्हणतात. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण आगाऊ ठरलेली असते. ती जुळली नाहीं तर तो तुकडा टाकून देऊन पुन्हां मागविला जातो.

यावरून "सर, नव्याण्णव टक्क्यांवर गाडी कां अडते?" या प्रश्नाचेंही उत्तर मिळतें. जो एक तुकडा उरला आहे, तो त्या क्षणीं जोडलेल्यांपैकीं कोणापाशींच नाहीं. तुमचें यंत्र बिघडलेलें नाहीं. ज्यांच्यापाशीं तो तुकडा होता, ते आपलें काम होतांच उठून गेले आहेत. सर्वांनीं घ्यावें व कोणीं थांबूं नये, असें झालें म्हणजे चांगली पद्धतिही पंगू होते.

पण ही पद्धति कायदेशीर आहे काय? पद्धति निर्दोष आहे. दोष असला तर तो मालांत असतो. 'उबुंटू' ही संगणकप्रणाली तिचे कर्तेच टोरेंटनें वांटतात. 'इंटरनेट आर्काइव्ह' हें ग्रंथालय आपले संग्रह याच मार्गानें देतें. ज्यास विद्या शिकावयाची आहे, त्यानें ती येथें शिकावी. परंतु नवी मालिका मालकाच्या परवानगीवांचून उतरविणें हें १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध आहे. शिवाय टोरेंटमध्यें घेणारा हा आपोआप देणाराही होतो, म्हणजे तो नुसता पाहत नाहीं, तर वांटप करतो. आणि त्याच्या जोडणीचा पत्ता, ज्यास आय. पी. ॲड्रेस म्हणतात, तो सर्व भागीदारांस उघड दिसतो. जाणूनबुजून असा भंग करणारास कायद्याच्या ६३ व्या कलमांत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नफ्यासाठीं कृत्य केलें नसल्यास न्यायालयास शिक्षा कमी करतां येते. चोरवाटेच्या मालांत आणखी एक धोका असतो. चित्राचें नांव धारण करणारी फाइल जर '.ईएक्सई' या अक्षरांनीं संपत असेल, तर तें चित्र नव्हे, प्रोग्राम आहे. तिला हात लावूं नये.

नववींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस अडविलें. तो म्हणाला, "सर, ही चोरी कशी? त्यांची फाइल त्यांच्यापाशींच राहते." प्रश्न बुद्धिमान् आहे, व त्यास दटावून गप्प करणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्हीं त्यास विचारलें, "तुझे वडील भिंतींवर नांवें रंगवितात. एखाद्या दुकानदारानें पाटी रंगवून घेतली व पैसे दिले नाहींत, तर वडिलांचा कुंचला त्यांच्यापाशींच राहिला ना?" तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "पण सर, कांहीं जुन्या मालिका आपल्या देशांत पैसे देऊनही मिळत नाहींत. तेव्हां काय करावें?" या तक्रारींत तथ्य आहे, हें आम्ही मान्य करतों. परवाने संपतात, मालिका एका रात्रींत नाहींशा होतात, आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. तथापि दुकान बंद आहे म्हणून कुलूप फोडण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. आणि बहुतेकांनीं उघडें दुकान शोधलेलेंच नसतें. 'क्रंचीरोल' भारतांत वर्गणीनें चालतें. 'म्यूझ एशिया' यूट्यूबवर कित्येक मालिका फुकट दाखविते. प्रथम तेथें पाहावें.

आतां सांठवणीचा विचार करूं. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें जी पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली, तींत चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या व तींत पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज खिशांतील डिस्कवर लक्षावधि पट मजकूर मावतो. एक टेराबाइटची डिस्क ९३१ कां दाखविते, यांत कोणी फसविलेलें नाहीं. विकणारा हजारानें मोजतो व विंडोज १०२४ नें मोजते. एकाच कापडाची लांबी हातानें व वारानें मोजली तर आकडे निरनिराळे येतात, तसेंच हें आहे. चार गिगाबाइटहून मोठी फाइल डिस्क घेत नसेल, तर ती 'फॅट३२' पद्धतीनें आंखलेली आहे असें समजावें. 'एक्सफॅट' पद्धतीनें आंखल्यास अडचण जाते, व ती विंडोज व मॅक या दोहोंवर चालते. मात्र नव्यानें आंखतांना आंतील सर्व मजकूर पुसला जातो. आधीं तो दुसरीकडे काढून ठेवावा. उतरविण्याचें काम संगणकाच्या पोटांतील डिस्कवर करावें व पूर्ण झालेली फाइल बाहेरच्या डिस्कवर न्यावी. आणि तार उपटण्यापूर्वीं 'सेफली रिमूव्ह' म्हणावें, कारण लिहिणें संपलें असें दिसलें तरी शेवटच्या ओळी कधीं कधीं वाटेंतच असतात.

किती सांठवावें, याचा हिशेब मात्र विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा. एक भाग अर्ध्या गिगाबाइटचा धरला, तर एका टेराबाइटमध्यें सुमारें दोन हजार भाग मावतात. चोवीस मिनिटांप्रमाणें ते आठशें तास झाले. रोज एक तास पाहिलें तरी दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. भरलेली डिस्क म्हणजे पाहिलेलीं चित्रें नव्हेत, आणि विकत घेतलेलें पुस्तक म्हणजे वाचलेलें पुस्तकही नव्हे.

डिस्क केव्हां मरेल, याचा नेम नसतो. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमध्यें वाचणारें टोंक तबकडीपासून केंसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावर तरंगतें. चालू असतां धक्का बसला कीं संपलें. नव्या 'एसएसडी'मध्यें फिरणारा भाग नसतो, म्हणून ती पडझड अधिक सोसते. परंतु वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत ठेवण्यास ती योग्य नव्हे. आमच्या ओळखीच्या एका घरीं थोरल्या मुलानें चार वर्षांचा संग्रह एकाच डिस्कवर केला होता. त्याच डिस्कवर आईनें एक लहानसें ध्वनिमुद्रण ठेवविलें होतें: आजीनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या. आजी त्या पावसाळ्यांतच वारल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास चालू डिस्क खाटेवरून खालीं पडली व कट् कट् असा आवाज करूं लागली. मालिका मुलास पंधरा दिवसांत पुन्हां मिळाल्या, कारण त्या जगांत हजारों ठिकाणीं आहेत. ओव्या जगांत एकाच ठिकाणीं होत्या. आई मुलास एक शब्दही बोलल्या नाहींत, असें त्यानें आम्हांस सांगितलें. आणि तेंच त्यास अधिक लागलें होतें.

जाणत्या लोकांचा नियम सोपा आहे: महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व एक प्रत दुसऱ्या जागीं असावी. १८ जुलै २०१९ रोजीं क्योटो ॲनिमेशन या संस्थेच्या चित्रशाळेस एका मनुष्यानें आग लावली. छत्तीस माणसें दगावलीं व कागदावरचें पुष्कळ काम भस्म झालें. परंतु सर्व्हरमध्यें सांठविलेलीं चित्रें पुढें सुखरूप काढतां आलीं. माणसें गेलीं तीं गेलींच. त्यांच्या हातचें कांहीं काम तरी मागें राहिलें. आमच्याकडे दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाचा आज थोडाच भाग शिल्लक आहे. जपून ठेवणें ही क्षुल्लक विद्या नव्हे.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे. येत्या सुटींत आपली डिस्क उघडा व तिच्यांतील वस्तूंचे दोन भाग करा: जें पुन्हां मिळेल तें, आणि जें पुन्हां मिळणार नाहीं तें. पहिल्या भागाची फार काळजी करूं नका. दुसऱ्या भागाची आणखी एक प्रत त्याच दिवशीं करा, तिच्यावर तारीख घाला, आणि ती मामाच्या किंवा आत्याच्या घरीं नेऊन ठेवा. आणि ज्यांच्या घरांत अजून आजी ओव्या म्हणत आहेत, त्यांनीं आधीं त्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. चित्रें नंतर उतरवितां येतील.